पुलावरची लांब धाव

सेवानिवृत्तीनंतर काय करावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. प्रवचन, नातवंडे, शेअर बाजार, सोसायटीचे चिटणीसपद असे अनेक मार्ग मला सुचविण्यात आले. परंतु साठी ओलांडल्यावर धावायला लागावे, असे मात्र कोणी सुचविले नव्हते. ते सुचले आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच दवाखान्याच्या बाकावर. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो आणि माझे स्नेही अण्णा आपल्या रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन बसले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत पेढी आहे. माझा कागदही अभिमानाने दाखविण्यासारखा नव्हता. एकाने गादीवर आणि दुसऱ्याने खुर्चीवर बसून काढलेल्या चार दशकांचा तो ताळेबंद होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे आयर्विन पुलावर भेटलो.

कृष्णेवरचा १९२९ सालचा हा पूल सांगलीकरांच्या घरातलाच आहे. आमच्या धावण्याची सुरुवात त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे सांगलीवाडीपर्यंत, चालत जाण्याने झाली. मग दोन खांबांमधले अंतर धावायचे, पुढचे चालायचे. दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाक्या अंगावरून जात. एक डोळा पायाखाली आणि एक डोळा वाहनांवर ठेवून आम्ही पाच किलोमीटरपर्यंत पोहोचलो, मग दहा, आणि तीन वर्षांत अर्ध मॅरेथॉनपर्यंत. ती २१.१ किलोमीटरची असते. अण्णा माझ्यापेक्षा नेहमी दहा पावले पुढे असत. सौद्याला बसणाऱ्या माणसाला मागे राहणे जमत नाही, असे मी त्यांना चिडवीत असे.

यंदा पावसाळ्यानंतर आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो. तो न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस वेस्टचेस्टर जिल्ह्यात राहतो. डिसेंबरात परत आल्यावर गावाकडची अर्ध मॅरेथॉन धावायची, हे मी मनाशी ठरविले होते. त्यामुळे आठवड्याची लांब धाव चुकविणे परवडणारे नव्हते. मुलाच्या घराभोवतीचे रस्ते चढउताराचे, शिवाय पदपथ मध्येच संपणारे. एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला पूलच पाहिजे ना? चला, दाखवतो."

त्याने दाखविलेला पूल हडसन नदीवरचा. त्याचे अधिकृत नाव गव्हर्नर मारिओ एम. कुओमो ब्रिज, पण जुनी माणसे त्याला अजूनही टॅपन झी म्हणतात. टॅपन हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचे नाव आणि झी म्हणजे डच भाषेत समुद्र. नदीला समुद्र का म्हटले असावे, हे काठावर उभे राहिल्याबरोबर समजते. या ठिकाणी हडसनचे पात्र सुमारे पाच किलोमीटर रुंद आहे. पुलाच्या उत्तरेकडील अंगाला पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी बारा फूट रुंदीची स्वतंत्र वाट आहे. पूर्वेस टॅरीटाउन, पश्चिमेस साउथ नायॅक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३.६ मैल, म्हणजे सुमारे ५.८ किलोमीटर. वाटेत नदीकडे पुढे आलेले सहा सज्जे आहेत, बसायला जागा आहे. वाट सकाळी सहाला उघडते आणि रात्री दहाला बंद होते. शुल्क काहीच नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. वाहनांना येथे टोल आहे आणि तो एकाच दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून वेस्टचेस्टरकडे येताना, घेतला जातो. नव्या पुलाचा खर्च सुमारे ३९८ कोटी डॉलर. त्यासाठी तिथल्या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने २०१३ साली १६० कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि ते फिटायचे ते टोलमधून. असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर ज्या बारा फुटांतून छदामही मिळायचा नाही, ते बारा फूट कशासाठी, असा शेरा मी लाल शाईने नक्कीच मारला असता.

पण या पुलाच्या जागेची कथा ऐकली आणि तो शेरा मनातल्या मनात खोडला. नदीवर पूल बांधायचा तर पात्र अरुंद असेल तिथे बांधावा, हे शाळकरी पोरही सांगेल. थोडे दक्षिणेला गेले असते तर कमी रुंदीचे पात्र मिळाले असते. परंतु न्यूयॉर्क बंदराभोवती सुमारे २५ मैलांच्या परिघात पूल बांधण्याचा आणि त्यावरचे उत्पन्न घेण्याचा अधिकार पोर्ट ऑथॉरिटी या संस्थेचा होता. राज्याला तर टोल आपल्या नव्या महामार्गाच्या तिजोरीत हवा होता. तेव्हाचे गव्हर्नर थॉमस ड्युई यांनी त्या परिघाच्या जेमतेम बाहेरची जागा धरली, आणि नदीच्या अत्यंत रुंद भागांपैकी एकावर पूल उभा राहिला. डिसेंबर १९५५ मध्ये तो सुरू झाला. त्या जुन्या पुलाला पायवाट नव्हती. बिघडलेली गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. वाहने अंदाजापेक्षा कितीतरी वाढली, डागडुजीचा खर्च वाढत गेला आणि शेवटी शेजारी नवा जोडपूल बांधावा लागला. त्याचा पहिला भाग ऑगस्ट २०१७ मध्ये आणि दुसरा सप्टेंबर २०१८ मध्ये खुला झाला. पायवाट जून २०२० मध्ये, म्हणजे महामारीने माणसे घरात कोंडली गेली असताना. जुन्या पुलाचा बराच भाग लाँग आयलंडच्या किनाऱ्यालगत समुद्रात सोडून माशांसाठी कृत्रिम खडक तयार करण्यात आले. भंगाराचा असा निकाल आपल्या लोखंड बाजारात कोणी लावलेला मी ऐकला नाही.

थोडक्यात काय, टोलसाठी पूल लांब झाला, आणि जो टोल देत नाही त्याला त्या लांबीचा आयता लाभ मिळाला. लांब धावेसाठी याहून सोयीची वाट मिळणे अवघड. चौक नाही, सिग्नल नाही, कुत्रे नाही. जाताना उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला कठड्यापलीकडे वाहने. मोठी मालमोटार गेली की पायाखालची फरशी किंचित थरथरते. पहिल्या दिवशी मला तो माझाच गुडघा वाटला होता.

लांब धाव ही काय वस्तू आहे, हे न धावणाऱ्या वाचकांसाठी सांगायला हवे. आठवड्यातून एक दिवस नेहमीपेक्षा जास्त अंतर, पण नेहमीपेक्षा कमी वेगाने जायचे असते. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो मर्यादित असतो. सावकाश आणि दीर्घकाळ धावल्याने शरीर चरबीतून शक्ती घ्यायला शिकते, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. हे सगळे आठवड्या-आठवड्याने, आवर्ती ठेवीसारखे साठत जाते. एका रविवारी एकदम भरून टाकता येत नाही. अंतर वाढवायचे तेही थोडे थोडे, आणि तीनचार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी करायचे.

खाण्यापिण्याचा प्रश्न आपल्या घरांत हमखास विचारला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सवय धावणाऱ्याच्या पथ्यावरच पडते. पहाटे पोट हलके असते. सूर्योदयापूर्वी मी तोंडात काही घालत नाही, म्हणून पुलाची वाट सहाला उघडत असली तरी मी साडेसातला, थोडे खाऊन-पिऊन निघत असे. धावताना खाण्याच्या ज्या तयार पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत मध असतो आणि चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. बारीक अक्षर वाचण्याची सवय बँकेने लावली असल्याने मी त्या वाटेला गेलो नाही. दोन खजूर, राजगिऱ्याचा लहानसा लाडू, आणि लिंबू, साखर, मीठ घातलेल्या उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या एवढ्यावर माझे भागते. एक बाटली कमरेच्या पट्ट्यात, दुसरी सुरुवातीच्या ठिकाणी ठेवलेली.

आता त्या रविवारविषयी. सप्टेंबरचा मध्य होता. त्या दिवसाचे नियोजन १७.४ किलोमीटरचे होते: पुलाची एक पूर्ण फेरी ११.६ किलोमीटरची, मग पुन्हा पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत. मुलगा आणि सात वर्षांची नात टॅरीटाउनच्या बाजूला बाकावर बसणार होते. दुसरी बाटली नातीच्या स्वाधीन केली होती.

जाताना वारा पश्चिमेचा, सरळ तोंडावर. मध्यावरचे मनोरे जवळ येईपर्यंत वाट हळूहळू चढत जाते. असे आठ मनोरे आहेत, प्रत्येकी ४१९ फुटांचे, वर बाहेरच्या बाजूला झुकलेले. वाऱ्यामुळे मी सावध होतो. वेग कमी ठेवला. साउथ नायॅकला पोहोचलो, वळलो, आणि वाऱ्याने पाठीवर हात ठेवला. परतीचे पाच-साडेपाच किलोमीटर असे गेले की मला माझेच कौतुक वाटू लागले. पलीकडच्या पुलावरून टोल भरणाऱ्या गाड्या त्याच दिशेने चालल्या होत्या. पाणी उत्तरेकडे दूरवर चकाकत होते. हडसन इथे समुद्राच्या भरती-ओहोटीने दोन्ही दिशांना वाहते. आत दीडशे मैलांपर्यंत, ट्रॉय गावापर्यंत, भरती पोहोचते. हे सारे पाहत, घड्याळाकडे पाहत, ठरविल्यापेक्षा चार मिनिटे आधीच मी सुरुवातीच्या ठिकाणी आलो. नात बाटली पुढे धरून उभी होती. "आजोबा, पाणी!" मी हात हलवला, "येतो परत" म्हणालो आणि न थांबता वळलो. चार मिनिटांची कमाई बाटलीसाठी घालवायला मन होईना. पट्ट्यातली बाटली तर केव्हाच संपली होती.

वळल्याबरोबर वारा पुन्हा तोंडावर आला. पहिल्या किलोमीटरभर मी दुर्लक्ष केले. मग मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके पाहिले. या संथ गतीला माझे ठोके १२५च्या आसपास असतात. ते १४६ दाखवीत होते, आणि वेग तर उलट कमी झाला होता. कपाळावरचा घाम गार लागत होता. छातीत दुखत नव्हते, पण पोटात काहीतरी ढवळल्यासारखे झाले. मध्य अजून सव्वा-दीड किलोमीटर पुढे होता. मनात पहिले वाक्य उमटले ते असे: आता थोडेच राहिले आहे, दम धर.

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. दोन वर्षांपूर्वी ते मी मोठ्याने उच्चारले होते. आमच्या तिसऱ्या अर्ध मॅरेथॉनमध्ये चौदाव्या किलोमीटरला अण्णा माझ्या मागे पडले. मागे पडणे त्यांच्या स्वभावातच नव्हते, तेवढ्यावरूनच मला समजायला हवे होते. मी वळून पाहिले तर त्यांनी हात छातीवर ठेवला होता. "ॲसिडिटी झालीय जरा," ते म्हणाले. आणि मी, छत्तीस वर्षे कर्जदाराच्या चेहऱ्यावरून खाते ओळखण्याची फुशारकी मारणारा माणूस, त्यांना म्हणालो, "अण्णा, आता थोडंच राहिलंय, दम धरा." त्यांनी दम धरला. पाचशे मीटर धरला आणि रस्त्याच्या कडेला बसले ते उठले नाहीत. रुग्णालयात नेले, रक्तवाहिनीतला अडथळा काढला, प्राण वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी झाला तो झालाच. डॉक्टर एवढेच म्हणाले की पहिली कळ आली तेव्हाच थांबले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून अण्णा पेढीवर बसतात, संध्याकाळी घराच्या गच्चीवर वीस मिनिटे चालतात. मी काय म्हणालो होतो, याविषयी आमच्यात एक अक्षर निघाले नाही. मी काढले नाही, त्यांनीही नाही.

आपल्या व्यापारी मंडळींना कॅश क्रेडिटचा हिशेब सांगायला नको. बँकेने मर्यादा वर्षासाठी मंजूर केलेली असते, म्हणून ती सगळी कोणत्याही दिवशी उचलता येत नाही. महिन्याचे साठापत्रक येते, त्यावरून उचल करण्याची ताकद ठरते. वखारीत माल नसेल तर मंजुरीचा कागद दाखवून उपयोग नाही. हे मी किती जणांना ऐकवले असेन! त्या सकाळी माझी मर्यादा १७.४ किलोमीटर मंजूर होती. वखार मात्र पाठीवरच्या वाऱ्याने फुकट मिळाल्यासारखे वाटलेल्या वेगात रिकामी झाली होती. आणि साध्या रस्त्यावर धावणाऱ्याला जी सोय असते ती पुलावर नसते. इथे मध्येच सोडून रिक्षाला हात करता येत नाही. जितके पुढे जाल तितकेच परत यायचे आहे. म्हणून पुलावर वळण्याचा निर्णय गरज वाटण्याच्या आधी घ्यावा लागतो, आणि ते मनाला पटवणे सर्वांत कठीण, कारण तोपर्यंत तसे काही घडलेलेच नसते.

मी थांबलो. कठड्याला धरून दोन मिनिटे उभा राहिलो. ठोके खाली यायला लागले, पण हवे तितक्या लवकर नाही. खिशातला खजूर खाल्ला, मुलाला फोन करून "चालत येतोय, घाई नाही" एवढे सांगितले, आणि टॅरीटाउनकडे तोंड फिरवून चालू लागलो. धावत नव्हे, चालत. दीड किलोमीटरला जवळजवळ पंचवीस मिनिटे लागली. मला मागे टाकून पन्नाशीच्या एक बाई मजेत धावत गेल्या. त्यांच्या नजरेत मी फिरायला आलेला म्हातारा असणार, आणि त्यात चूक काहीच नव्हते.

पुढचे सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना चुटपुट लागायला नको. दोन दिवसांनी मुलाने बळेच तपासणीला नेले. हृदयाच्या आलेखात दोष निघाला नाही. शरीरातले पाणी आणि मीठ कमी पडले असावे, असे तिथले डॉक्टर म्हणाले, आणि गावी परतल्यावर धावपट्टीवरची ताणचाचणी करून घ्या, तोपर्यंत दहा किलोमीटरच्या पुढे जाऊ नका, असे बजावले. डिसेंबरची शर्यत त्या चाचणीवर अवलंबून आहे. (परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी प्रवास विमा उतरवताना जुन्या आजारांचे कलम वाचून घ्यावे, हा एक वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

बाकावर टेकलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. सांगलीत संध्याकाळचे सव्वासात. मुलगा गाडी जवळ आणायला गेला. मी अण्णांना फोन लावला. दर रविवारी मी किती अंतर कापले, हे त्यांना कळवण्याचा आमचा रिवाज आहे. न धावणारा माणूस वहीत माझे आकडे लिहून ठेवतो.

"बोला साहेब. सतरा लिहू?"

"नाही अण्णा. साडेचौदा. त्यातले दीड चालत."

"का, काय झालं?"

मी सगळे सांगितले. ठोके, गार घाम, न घेतलेली बाटली. मग मनात आलेले ते वाक्यही सांगितले, आणि ते कुठून आले तेही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मला आठवतंय," ते शेवटी म्हणाले. "पण साहेब, तुम्ही म्हणाला नसता तरी मी थांबलो नसतो. एवढं काही ते वाक्य जड नव्हतं." मग थोडे थांबून, "आज कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. एकटाच."

"म्हणून वळलात. बरोबर मी असतो तर तुम्हीपण सतरा करून आला असता." ते हसले. "साडेचौदा लिहितो. पाणी प्यालात का?"

नात बाटलीचे झाकण उघडून माझ्यासमोरच उभी होती.